मळ्यावर

प्रफुल्लचा कॉम्प्युटर म्हणजे नुसता कीबोर्ड. रबराच्या बटणांचा, जेवायच्या ताटाएवढा. पडदा म्हणून जुना काळापांढरा टीव्ही आणि प्रोग्रॅम भरायला कॅसेटचा टेपरेकॉर्डर. नाशिकरोडच्या त्या कॉलनीत घरोघरी पेंटियम आले, तरी त्याने तो सोडला नाही. उलट हे म्हातारं यंत्र फोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडायचा प्रोग्रॅम त्याने वर्षानुवर्षं खपून लिहिला. थोरला भाऊ कुंदन म्हणायचा, "बैलगाडीला विमानाचे पंख लावतोय. जगाशी बोलेल, घरात मात्र तोंड शिवलेलं."

२००१च्या उन्हाळ्यात, एका भर दुपारी, प्रफुल्ल दिसेनासा झाला. चपला दारात, पाकीट खुंटीवरच्या पँटीत. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, गडावर जाऊन देवीला नवसही झाला. पुढे पुढे लोक त्याच्या आईला, सुमनबाईंना, काही विचारेनासे झाले. विचारण्यापेक्षा ते जास्त लागायचं.

कुंदनने यंत्र भंगारात द्यायचं काढलं, त्या दिवशी सुमनबाईंनी ते पुढ्यात ओढून घेतलं. शाळेच्या कचेरीत जन्मभर टाइपरायटर बडवलेली बाई. लेकाशेजारी बसून त्यांनी सगळं पाहिलेलं होतं. कॅसेट लावली. आधी तिची किरकिर, मग मोडेमची लांब शीळ. पडद्यावर एक चौकोन लुकलुकत राहिला. पलीकडे हाच प्रोग्रॅम चालू असेल तरच उत्तर येणार होतं, आणि हा प्रोग्रॅम प्रफुल्लशिवाय कुणाकडेच नव्हता. तरी त्या रोज बसत. भाजी निवडायची ती चौकोनासमोर, चहा प्यायचा तो चौकोनासमोर.

एका दुपारी अक्षरं उमटली. त्या यंत्राला देवनागरी येत नव्हती. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, एकेक अक्षर, दमलेल्या माणसाने जिना चढावा तसं.

MAY

कुंदन त्यांना आई म्हणायचा. माय म्हणणारा एकच होता.

कुठे आहेस, एवढं विचारायला त्यांना चारदा खोडावं लागलं. बराच वेळ नुसता चौकोन. मग उत्तर आलं.

MALYAVAR

सुमनबाई उठल्या त्या तडक सायखेड्याला. गोदाकाठचा त्यांचा मळा देवराम वाट्याने करायचा. फ्लॉवर ऐन भरात होता. त्यांनी विहिरीत गडी उतरवला, पंपाची खोली उघडायला लावली, शेजारचा उसाचा फड सरी-सरीने हुडकला. देवराम सांजेपर्यंत मुकाट्याने मागे फिरला, मग म्हणाला, "बाई, इथं कोन नाय. लय दिस झाले. सोडा आता." बांधावरचे दोघे तोंड फिरवून हसले. सुमनबाईंना ते दिसलं. रात्री त्या पंपाच्या खोलीबाहेरच बसून राहिल्या.

सकाळी घरी आल्या तर कुंदन दारातच. गावभर शोभा करून आलीस ना, म्हणाला. एक गेलाय तो गेलाय, जो आहे त्याच्याकडे कधी बघितलंस का? प्रफुल्ल मळ्यावर आहे, त्याने स्वतः लिहिलंय, एवढंच त्यांनी सांगितलं. कुंदन तणतणत आत गेला. टीव्ही चालूच होता.

त्याने पडद्यावरची अक्षरं पुन्हा एकदा वाचली.

"आई," तो हळूच म्हणाला, "हे मळ्यावरच कशावरून? माळ्यावरसुद्धा होतं."

दोघांनी वर पाहिलं.

स्वयंपाकघरावरच्या माळ्याची फळी रंगाने चौकटीला चिकटलेली होती. तो रंग प्रफुल्ल घरात असतानाचा. कुठे तडा नव्हता.

कुंदनने स्टूल आणला. सुमनबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला. फळी सरकली तशा रंगाच्या खपल्या ओट्यावर पडल्या. कुंदन कमरेपर्यंत आत गेला, मग त्याने पाय वर घेतले.

"भांडी आहेत," त्याचा आवाज आला. "गोधड्या. धूळसुद्धा कुणी हलवलेली—"

सुमनबाईंनी वाट पाहिली.

"कुंदन?"

वर काही वाजलं नाही. त्यांच्या हातातला स्टूल हलका लागत होता. त्याच्यावर उभं राहून त्यांनी आत पाहिलं. भांडी होती. गोधड्या होत्या. धुळीत त्याच्या गुडघ्यांच्या खुणा थोड्या आतपर्यंत गेल्या होत्या.

परतीच्या नव्हत्या.

बाहेरच्या खोलीत टीव्हीवर अक्षरं यायला लागली होती.

DADA ALA

चौकोन लुकलुकला. मग पुढची ओळ, या खेपेला भराभर, जणू लिहायला आता दोन हात जास्त होते.

AJUN JAGA AHE