कुठूनही

स्वस्त आणि मस्त एका जागी सापडत नाही, हे मनिषाला भाजीबाजारातून ठाऊक होतं. इंटरनेटवर भाड्याने जागा देणाऱ्या होस्टिंगच्या बाजारात ते नव्याने कळलं.

काल्हेरच्या एका गोदामात ती मालाच्या नोंदींचा कॉम्प्युटर सांभाळायची. बाळंतपणाची रजा संपली आणि दिवस भरण्याआधीच जन्मलेली सुकन्या शेलार गावातल्या घरी सासऱ्यांच्या भरवशावर राहिली. नवरा भरत ट्रक घेऊन सदा गुजरातच्या वाटेवर. डॉक्टरांनी बजावलं होतं, पोरीचा श्वास झोपेत मध्येच थांबतो. थांबला की तळपायाला टिचक्या मारून रडवायचं. सासरे, दामूबाबा, नातीवर जीव टाकणारे. पण दुपारी त्यांना डुलकी लागायची, आणि म्हाताऱ्या माणसाच्या डुलकीवर कुणाचा इलाज चालतो?

म्हणून मनिषाने पाळण्यातल्या गादीखाली एक पट्टी बसवली. झोका थांबला की पट्टी पोरीचा श्वास टिपायची, शेजारचं यंत्र तो इंटरनेटवरच्या डेटाबेसमध्ये लिहायचं आणि काल्हेरला बसून मनिषा पडद्यावर वरखाली होणारी रेघ बघायची. श्वास अडखळला की बाबांना फोन. बेत सोपा होता, पण त्यासाठी डेटाबेसचं दार बाहेरच्यांना उघडून देणारा होस्टिंगवाला हवा होता. मोठ्या कंपन्या दार उघडायच्या, पण त्यांचा हिशेब डॉलरमध्ये. स्वस्तवाल्या जाहिरातीत सगळं अमर्याद द्यायच्या आणि पैसे भरून झाल्यावर सांगायच्या, डेटाबेस फक्त आतून, बाहेरून नाही. एकीने तर तिला चक्क चुना लावला. शेवटी धामणकर नाक्यावर कापडाच्या दुकानाच्या माडीवर ताबिश भेटला. चार खुर्च्या, दोन पंखे आणि परवडेल असा दर.

"बाहेरून चालू करून देतो, मॅडम," तो म्हणाला. "बस, कनेक्शन कुठून येणार तो पत्ता बोला. त्याच पत्त्याला दार उघडेल."

इंटरनेटवरचा पत्ता म्हणजे नुसते आकडे. शेलारला वीज गेली की ते बदलायचे, आणि शेलारला वीज जायला काही निमित्त लागत नाही.

"मग टक्क्याचं चिन्ह टाका. टक्का म्हणजे कुठूनही. पासवर्ड है ना, डरनेका क्या?"

तिने टक्का टाकला. दुसऱ्या दिवशी गोदामात, खोक्यांच्या आणि ट्रकांच्या गलक्यात, पडद्यावर सुकूचा श्वास उमटला आणि मनिषाला रडूच कोसळलं. भरभर चालणारी, चिमणीच्या उड्यांसारखी रेघ. त्या दिवशी तिने कितीतरी आठवड्यांनी पोटभर डबा खाल्ला.

मग एका दुपारी तिने, सहजच, डेटाबेसला कोण कोण जोडलेलं आहे ते पाहिलं. घरचं यंत्र होतं. ती स्वतः होती. आणि तिसरं कुणीतरी होतं. पासवर्ड तिचाच वापरलेला. पत्त्याची जागा मात्र कोरी.

ते काही लिहीत नव्हतं, पुसत नव्हतं. फक्त वाचत होतं. आणि वाचत होतं ते सगळ्यात शेवटचं, आत्ताचं. सुकूचा आत्ताचा श्वास. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. पोर जागी झाली तशी ती तिसरी ओळ नाहीशी झाली.

सकाळी घरीच तिने पासवर्ड बदलला. कुणाला सांगितला नाही, कुठे लिहिला नाही. पण दुपारी पोर झोपली आणि मनिषा जोडली जाण्याआधीच ते येऊन बसलेलं होतं.

संध्याकाळी माडीवर ताबिशने पडद्यावर दुपारची नोंद पाहिली. "पत्ता खाली कभी नहीं रहता, मॅडम," तो पुटपुटला. "काहीतरी येतंच." मग खुर्ची जरा मागे घेतली. "नुकसान तर नाही ना करत?"

घरी आल्यावर तिने बाबांना सांगितलं. डेटाबेस वगैरे त्यांच्या डोक्यावरून गेलं, पण एवढं कळलं की कुणीतरी लांबून पोरीला बघतंय.

"निस्तं बगतंय ना? मंग बगू दे."

"बाबा, काहीतरी काय बोलता!"

"भरत बी असाच बारका जल्माला आलेला. तवा तुझी सासू रोज त्याचं टोपरं घेऊन शिवेवर जायची. दगडावर ठेवायची, घडीभर थांबायची, मंग घरी आनायची. तितूनच बगाया गावलं का त्याला घरापत्तुर याचं काम न्हाय पडत."

"कुणाला?"

दामूबाबांनी पाळण्याला झोका दिला. "नाव कशाला घ्याचं?"

मनिषाला संताप आला. भीतीचाच संताप होता तो, पण संताप बरा वाटतो. केबलवाल्याच्या मागे लागून तिने घरासाठी न बदलणारा पत्ता घेतला, थोडे जास्त पैसे मोजून. मग टक्का खोडला आणि दोनच पत्ते ठेवले, एक शेलारचा, एक गोदामाचा. दुपार झाली. यादीत दोनच ओळी. तिसऱ्याचा मागमूस नाही. मनिषाने हुश्श केलं आणि चहा मागवला.

चहा संपता संपता रेघ बदलली.

भरभर उड्या नव्हत्या. रेघ सावकाश चढत होती, वर थांबत होती, सावकाश उतरत होती. मोठ्या माणसाचा, गाढ झोपेतला श्वास.

तिने फोन लावला. "बाबा, सुकू?"

"माज्या मांडीवर हाय. खेळतंय."

"पाळण्यात काय ठेवलंय?"

"काय न्हाय. रिकामा हाय. का गं?"

"काही नाही. मशीन बिघडलंय वाटतं." ती हसलीसुद्धा. फोन ठेवला.

रेघ चढत होती. थांबत होती. उतरत होती.

घरापत्तुर याचं काम न्हाय पडत.

तिने दोन्ही पत्ते खोडले आणि टक्का परत टाकला. कुठूनही. ये रे, कुठूनही ये, पण बाहेरूनच बघ. ती यादीकडे डोळे लावून बसली.

तिसरी ओळ आली नाही.

तिने पुन्हा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. बऱ्याच वेळाने बाबांनी उचलला आणि ते कुजबुजले, "हळू बोल. आताच डोळा लागलाय तिचा."

"कुठे आहे ती?"

"पाळन्यात. दुसरीकडं कुटं?"

"उचला तिला! बाबा, आधी उचला!"

"अगं, इतकी गपगार कदी झोपत न्हाय पोर. झोपू दे की."

पडद्यावर दोन श्वास होते. एक लांब, खोल. त्याच्या अंगावर चढून उतरणारा दुसरा, बारीक, घाईचा.

"बाबा!"

फोन कट झाला होता.

बारीक श्वास जरा मंदावला. मग आणखी. अडखळला, दुसऱ्याची वाट पाहिल्यासारखा थांबला आणि त्याच्यासोबत चढला.

त्याच्यासोबत उतरला.

आता पडद्यावर एकच श्वास होता.