बाई, गात राहा… मी बटण दाबतो

रोज कोणीतरी 'सत्य घटना' म्हणून लिहितो आणि पांढऱ्या साडीतली बाई उभी करतो. वाचून माझं डोकं फिरतं.

माझ्या गोष्टीत साडी नाही, पिंपळ नाही, अमावस्या नाही. भर दुपारची गोष्ट आहे. माझ्या सख्ख्या बहिणीची आहे आणि माझ्याच हातून झालेली आहे. पटलं तर वाचा, नाही तर पुढे जा. मला कोणाला पटवायची हौस नाही.

मी योगराज. आमगावात टीव्ही, डिश, मिक्सर दुरुस्त करायचं माझं छोटं दुकान आहे.

तारीख २७ मे २०१०, गुरुवार. दुपारचे सव्वाबारा. जागा आमगावपासून सात किलोमीटरवरचं एक गाव. नाव नाही सांगणार, बहीण अजून तिथेच राहते.

माझी मोठी बहीण ओमेश्वरी. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात, म्हणून मीही बाई म्हणतो.

बाईचा आवाज म्हणजे काय सांगू. आमच्या पोवार समाजाच्या लग्नात हळदीपासून बिदाईपर्यंत बायका गाणी म्हणतात. अशा लग्नात बाई नसली तर लोक विचारायचे, "ओमेश्वरी काऊन नाही आली?" तीन-तीन गावांतून तिला बोलावणं यायचं.

आणि जून महिन्यात माझंच लग्न होतं.

"योगू, तुह्या लग्नात मी माईकवर गाईन," ती म्हणाली होती. "आता घरात कोणी मले चूप करणारं नाही."

चूप करणारे म्हणजे तिचे सासरे. दुलीचंद.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार. महाखडूस म्हातारा. घरात चार वस्तू होत्या. टीव्ही, डीव्हीडी, डिशचा डब्बा आणि गोंदियाहून आणलेलं मोठं होम थिएटर. चारही वस्तूंचे चार रिमोट. म्हातारा दिवाणावर बसायचा आणि चारही रिमोट मांडीजवळ ठेवायचा. दुसऱ्या कोणी हात लावला की एकच वाक्य.

"ठेव तो रिमोट खाली."

बाई स्वयंपाकघरात भाकरी करता करता गुणगुणली की दुसरं वाक्य.

"आवाज बंद कर."

टीव्हीला सांगावं तसं सांगायचा. आठ वर्षं तिने हे ऐकलं. भाऊजी, म्हणजे तिचे मालक भुवनेश्वर, बापापुढे कधी तोंड उघडायचे नाहीत. मला त्यांचा राग यायचा, अजूनही येतो.

फेब्रुवारीत म्हातारा गेला. गेला तेव्हाही मुठीत डिशचा रिमोट होता. बोटं सोडवता सोडवेनात.

तेव्हा त्याचा चुलतभाऊ बकाराम म्हणाला, "राहू द्या. माणसाच्या हातातलं माणसासोबतच जाते. मागं ठेवाल तर मागायले येईल."

आमच्याकडे काठी, चुन्याची डबी, चष्मा असं सोबत देतात. पण त्या दिवशी बाकीचे तीन रिमोटही दिले. रबर लावून जुडगा केला आणि छातीवर ठेवला. बाघनदीच्या काठावर चिता पेटली तेव्हा प्लॅस्टिक जळाल्याचा वास सुटला. मला तर हसू येत होतं, खोटं कशाला बोलू.

मागायला येईल म्हणून दिले. पण दिले म्हणजे ते आता त्याच्याकडे आहेत, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

रिमोट नाही म्हणून ते होम थिएटर तीन महिने मुकं पडलं होतं. त्यात माईक लावायला जागा होती, पण माईकचा आवाज वाढवायचं बटण फक्त रिमोटवर. म्हणून मी गोंदियाच्या बाजारातून एक युनिव्हर्सल रिमोट घेतला. एकच रिमोट, चार वस्तू चालवणारा. सोबत कोडचा कागद.

विजेच्या लाईनचा भरवसा नव्हता. अकराला यायची, तीनला जायची. तेवढ्यात काम उरकायचं होतं. भाऊजी शेतावर गेले होते. घरात मी आणि बाई, दोघंच.

टीव्हीचा कोड पहिल्या झटक्यात लागला. डीव्हीडीचा दुसऱ्या. डिशचा डब्बाही लागला.

होम थिएटर लागेना. कंपनीचं नावच कागदावर नव्हतं. अशा वेळी शोध लावावा लागतो. सेटचं बटण दाबून धरायचं, लाल दिवा लागला की दुसरं बटण दाबत जायचं. प्रत्येक दाबाला रिमोट एकेक कोड सोडतो. वस्तूने ऐकलं की थांबायचं आणि तोच कोड पक्का करायचा.

मी कागद खाली ठेवला आणि…

टीव्ही आपोआप चालू झाला.

पडद्यावर शेतीचा कार्यक्रम होता. धानाच्या रोपांवर कोणीतरी बोलत होतं.

"मामाजीचा कार्यक्रम," बाई हळूच म्हणाली. मामाजी म्हणजे सासरे.

"डिशवाले कायबी लावतात," मी म्हणालो आणि टीव्ही बंद केला.

बाईने माईक हातात घेतला. बारीक आवाज येत होता, पण येत होता. तिने हळदीच्या गाण्याची पहिली ओळ धरली आणि…

होम थिएटरच्या काचेवर आवाजाचा आकडा दिसायचा. वीस होता.

एकोणीस… अठरा… सतरा…

शून्य.

ती थांबली. आकडा पुन्हा वीसवर आला.

तिने परत सुरू केलं. परत शून्य.

मला वाटलं माझा रिमोट कुठेतरी दबून राहिला. म्हणून मी त्यातले दोन्ही सेल काढले आणि खिशात टाकले.

"आता गा," मी म्हणालो.

ती गायली. आकडा उतरत शून्यावर गेला.

आणि मला वास आला… जळक्या प्लॅस्टिकचा.

मी मेकॅनिक माणूस. आधी बोर्ड पाहिला, मग पिन पाहिली, मग मागच्या वायरी एकेक हुंगल्या. सगळं थंड होतं. वास तिकडून येतच नव्हता. तो दिवाणाकडून येत होता.

"योगू, राहू दे," बाई म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. "त्यायले नाही आवडत."

"कोणाले?"

ती दिवाणाकडे पाहत राहिली.

"मेला माणूस रिमोट दाबते का, बाई? काहीबी बोलून राहिली तू."

"मले भेव लागून राहिला. घरी जा तू. मी बिनमाईकची गाईन."

तेव्हा मी ऐकायला पाहिजे होतं. पण माझा स्वभाव तसा नाही. कोणी अडवलं की मला चेव चढतो. आठ वर्षं माझ्या बहिणीला ज्याने दाबून ठेवलं, तो मेल्यावरही दाबतो म्हणजे काय? मी सेल परत टाकले. दिवाणासमोर उभा राहिलो आणि रिमोट दाखवून म्हणालो, "म्हातारबा, आता रिमोट माह्या हातात आहे."

दिवाणाची गादी… बसलेला माणूस थोडा पुढे सरकावा तशी दबली.

पाहिलं मी. पाहूनही मागे हटलो नाही. लाज वाटते सांगायला, पण मला तेव्हा भीती नाही, राग आला होता.

आता माझी कामाची पद्धत सांगतो, कारण सगळं तिथेच बिघडलं. दुसरे मेकॅनिक शोध लावतात तो चालू-बंदच्या बटणावर. वस्तू बंद पडते, मग परत चालू करा, वेळ जातो. मी शोध लावतो म्यूटवर. आवाज चालू ठेवायचा, बटण दाबत जायचं. आवाज बंद पडला की समजायचं, कोड सापडला.

त्यासाठी आवाज अखंड चालू पाहिजे.

"बाई, तू गात राहा," मी म्हणालो. "मधात थांबू नको. आवाज बंद झाला की मी बटण सोडीन."

ती नाही म्हणत होती. मी ओरडलो तिच्यावर. "एवढं काम तर कर."

ती गायला लागली. घाबरलेल्या आवाजात, पण गायली. माझ्या लग्नाचंच गाणं होतं, त्यात माझं नाव घातलं होतं तिने.

मी दाबत गेलो. दहा कोड. तीस कोड. साठ.

या वेळी आकडा उतरला नाही. वीसवर स्थिर होता. मला वाटलं म्हातारा हरला.

सत्तर. ऐंशी. आणि मग…

आवाज बंद झाला.

मी लगेच सेट दाबलं. लाल दिवा दोनदा लुकलुकला. कोड पक्का.

"सापडला बाई," मी म्हणालो आणि वळलो.

बाई गात होती.

तोंड उघडत होतं, मिटत होतं. गळ्याची शीर फुगली होती. तिला कळलं तशी ती थांबली, माईक तोंडापासून दूर केला आणि मला हाक मारली. योगू, अशी. ओठ दिसले मला. आवाज नाही.

तिच्या हातून माईक पडला.

धाडकन आवाज झाला. चारही स्पीकरमधून.

माईक बंद नव्हता. होम थिएटर बंद नव्हतं. काचेवर आकडा वीसच होता.

बाई रडायला लागली. बांगड्यांचा आवाज येत होता, पायांचा येत होता. रडण्याचा नाही. तिला खोकला आला, त्याचाही नाही. मी तिच्या तोंडाला कान लावला. गरम श्वास लागला, पण ऐकू काहीच आलं नाही.

मग माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. म्यूट परत दाबलं की आवाज परत येतो. लहान पोरालाही माहीत आहे.

मी रिमोट बाईकडे धरला आणि दाबलं.

बाईचं तोंड उघडलं… आणि आवाज आला.

"ठेव तो रिमोट खाली."

तो आवाज मी आठ वर्षं ऐकला होता. बाईचे डोळे माझ्यावर होते, तिचेच डोळे, घाबरलेले, पाण्याने भरलेले. आणि तिच्या तोंडातून म्हातारा बोलत होता.

"ठेव म्हटलं ना. काऊन आला तू माह्या घरी?"

बाई दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबत होती. बोटांतून आवाज येतच होता. माझ्या लग्नाबद्दल बोलत होता, होणाऱ्या बायकोबद्दल बोलत होता. तो काय बोलला ते मी आजपर्यंत रीनाला, माझ्या बायकोला, सांगितलं नाही. इथेही लिहिणार नाही.

बाईने मान हलवली. हाताने खूण केली. दाब.

मी म्यूट दाबलं.

घर शांत झालं. दिवाणाची गादी हळूहळू वर आली.

त्यानंतर गोंदिया झालं, नागपूर झालं. नळी घालून गळा पाहिला, फोटो काढले. डॉक्टर म्हणतात, काही बिघाड नाही, मनाचा धक्का आहे. भाऊजींना मी खरं सांगितलं. ते खाली बसले आणि म्हणाले, "बाबू, कोणाले सांगू नको." माझ्या लग्नात बाई हळदीच्या गाण्यांना बसली होती. बायका गात होत्या आणि ती टाळ्या वाजवत होती. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

तो रिमोट माझ्या दुकानात कुलपात आहे. तुम्ही म्हणाल, फोडून टाक. पण असे स्वस्त रिमोट सेल संपले की सगळे कोड विसरतात. हा विसरला तर काय होईल? बाईचा आवाज परत येईल, की त्याचा येईल? मला माहीत नाही. म्हणून दर चार महिन्यांनी मी सेल बदलतो. घाईघाईने, घाम पुसत.

आणि म्यूटबद्दल अजून एक सांगतो. म्यूट केल्यावर कार्यक्रम थांबत नाही. चालूच असतो. फक्त आपल्याला ऐकू येत नाही.

बाईचे ओठ हलतात. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, झोपेतसुद्धा. मी विचारलं तर पाटीवर लिहिते, "मी नाही बोलत."

दोन वर्षांपूर्वी मी गोंदियाहून सुशीलाबाईंना घेऊन गेलो. मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायच्या, ओठ पाहून बोलणं ओळखतात. मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की मी हिचा भाऊ, मेकॅनिक आहे. माझं नाव त्यांनी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं.

सुशीलाबाई माझ्या बहिणीसमोर पाच मिनिटं बसल्या. मग त्यांनी नजर खाली घेतली. चहा आला होता, तो तसाच ठेवून उठल्या आणि बाहेर गाडीत जाऊन बसल्या.

मी मागे गेलो. "काय बोलते?" मी विचारलं.

त्यांनी गाडी काढायची खूण केली. आमगाव आलं तेव्हा म्हणाल्या, "एकच नाव घेऊन शिव्या देऊन राहिली. पुरुषासारख्या शिव्या. आणि म्हणते, त्याले इकडं धाडा, हात रिकामे करून धाडा."

मग त्यांनी मला विचारलं, "हा योगराज कोण?"

मी म्हणालो, "माहीत नाही."