अक्षरांभोवतीची चमक

सकाळी हरिहरने खिडकी पाहिली. काचेवर कागद नव्हता. डिंकाची पट्टी तेवढी लोंबत होती.

त्या कागदावर खेळण्यातल्या रेल्वेच्या डब्यांना लावायची विलायती अक्षरं होती. पाण्यात भिजवायची आणि कागदावरून डब्यावर सरकवायची. कागद जुना, पिवळा पडलेला. हरिहरच्या बायकोने, सगुणाने, त्याच्यावर वॉर्निशचा हात फिरवला आणि पिवळेपणा जावा म्हणून उन्हात काचेला लावला. माघात ती गेली. कागद तिथंच राहिला.

मेहुणी नंदा स्वयंपाकाला यायची.

"काल खिडकीपाशी कोण गेलेलं?"

"भावजी, माझ्यावर संशय?"

"विचारतोय."

"केर काढला तेव्हा कागद होता. मग रद्दीवाला गणू आला, त्याला दारातूनच रद्दी दिली. नंतर तुमचे परशुराम आले. मी आत चहा टाकत होते."

हरिहर खोपटला गणूच्या दुकानात गेला. गणू तागडी पुसत होता.

"मी उंबऱ्याबाहेर होतो, मास्तर. बाईंनी रद्दी हातात दिली. खिडकी कुठल्या भिंतीला आहे तेही मला ठाऊक नाही."

नंदाने तेच सांगितलेलं. उरला परशुराम, शाळेपासूनचा मित्र.

टेंभी नाक्यावरच्या त्याच्या खोलीत टेबलावर डबा तयार होता. रेल्वेला शंभर वर्षं होत होती, त्या प्रदर्शनासाठी.

"ये रे. कसा दिसतो?"

"झकास. अक्षरं कुठली?"

"डब्याबरोबर आलेल्या संचातलीच, माझ्या ट्रंकेतली. पाण्यात सोडली, लावली."

"वॉर्निश न लावता?"

"ती वहिनींची हौस. मला कुठला एवढा धीर?"

हरिहरने डबा उचलून उजेडात तिरका धरला.

"जुनी अक्षरं नुसती पाण्यात सोडली की त्यांचा भुगा होतो, परशा. म्हणून तिने कागदभर वॉर्निश लावलं. त्याने सगळ्या कागदाचा एकच पापुद्रा होतो. मग प्रत्येक अक्षर अगदी कडेने कापावं लागतं. तू चौकोनी कापलंस. हे बघ, प्रत्येक अक्षराभोवती चौकट चमकतेय. वॉर्निश नसतं तर ती आली नसती. तुझ्या तोंडानेच सांगितलंस, तू लावलं नाहीस."

परशुराम खाली बसला.

"मागितलं असतं तर दिलं असतंस?"

"कागदावर दोन डब्यांची अक्षरं होती. एक डबा परशुभावजींचा, असं ती म्हणालेली. तुला सांगायचं माझ्याकडून राहिलं."

हरिहरने टेबलावर उरलेला कागद शोधला.

"उरलेली कुठायत?"

"पाण्यात जास्त राहिली. गुंडाळी झाली त्यांची. टाकून दिली." मग हळूच म्हणाला, "हा डबा तू घेऊन जा."

"तुझा आहे तो."

हरिहरने डबा टेबलावर ठेवला आणि जिना उतरला. परशुरामने वरून हाक मारली, त्याने मागे पाहिलं नाही.

प्रदर्शन झालं. हरिहर गेला नाही. त्याच्या घरी सगुणाने रंगवून ठेवलेल्या डब्याला अक्षरं लावायची अजून राहिली आहेत.