बारावं पाणी

"आत पाऊल टाकू नकोस!"

आवाज आतून आला, तोही मान वर न करता.

हुइचू उंबऱ्यावरच थबकली. वूतुंगच्या डोंगरावर वसंतातला पाऊस कधी सांगून येत नाही. वळणावर तिची स्कूटर घसरली, गुडघा खरचटला आणि जे पहिलं घर दिसलं त्यात ती निवाऱ्याला शिरत होती. तर हा कोण टिकोजीराव तिला दारातच अडवत होता!

"बाहेर पाऊस आहे," ती म्हणाली.

"दिसतोय. पण तू केसांना मोगऱ्याचं काहीतरी चोपडून आलीयस. पानं आत्ताच उन्हातून आत घेतलीत, ती असला वास पिऊन बसतात. मग वर्षभर लोक म्हणतील, देकसेंगच्या चहाला न्हाव्याच्या दुकानाचा वास येतो."

"आणि तुझ्या घामाचा येतो तो?"

आता कुठे त्याने मान वर केली. भुवया दाट, हातात भलंमोठं बांबूचं सूप, आणि डोळ्यांत… चिडलेला माणूस असा हसत नाही.

"त्याची त्यांना सवय आहे," तो म्हणाला.

दुसरी एखादी पोर असती तर फणकारून निघून गेली असती. पण हुइचू डोंगराखालच्या छाओचौ शहरातल्या, जुन्या गल्लीतल्या च्वाकाकूंची मुलगी. त्या घरात हार मानायची पद्धत नाही. अंगणात पावसाच्या पाण्याने भरलेलं पिंप होतं. तिने सरळ त्यात डोकं बुडवलं, खसाखसा केस धुतले, पिळले, आणि निथळत पुन्हा दारात येऊन उभी राहिली.

"आता?"

देकसेंगच्या हातातलं सूप हलायचं थांबलं होतं. "आता… ये. पण पानांवर ठिबकू नकोस."

ती आली. खोलीभर घडवंच्यांवर सुपं मांडलेली, सुपांत दमून पडलेली हिरवी पानं. तो एकेक सूप उचलायचा आणि गोल गोल फिरवायचा. जोरात नाही. झोपलेल्या लेकराला कूस बदलून द्यावी तसं. पानांच्या कडा एकमेकींना घासायच्या, किंचित दुखावायच्या, आणि त्या दुखण्यातून वास सुटायचा.

"वाक. वास घे."

"गवत," ती म्हणाली. "नुकतं कापलेलं."

"बरोबर. आता थांबायचं तासभर."

तासभर करायचं काय? बोलायचं. शेजारच्या झाडाचा चहा सोनटक्क्याच्या वासाचा, त्या पलीकडल्याचा बदामाचा, आणि खालच्या वळणावरच्या झाडाचं नाव तर बदकाची शीट. इतका सुरेख चहा, पण कुणी फांद्या चोरून कलमं करू नयेत म्हणून जुन्या माणसांनी असं घाणेरडं नाव ठेवलं म्हणे. हे सगळं हुइचूला लहानपणापासून ठाऊक होतं. चहाच्या दुकानात जन्मलेली पोर ती! तरी ती "हो? खरंच?" करत ऐकत राहिली. आता यावरून काय समजायचं ते समजा.

तासाने त्याने पुन्हा सूप फिरवलं आणि तिच्यापुढे धरलं.

"कच्चा पेरू," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि मागे कुठेतरी… अनंताचं फूल. पण अजून कळीच आहे."

देकसेंग तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या बापाला हा वास तिसऱ्या फिरवणीनंतर कळायचा. त्याला स्वतःला चौथ्या. आणि ही ओल्या केसांची, फुटक्या गुडघ्याची मुलगी दुसऱ्यातच सांगून मोकळी झाली होती.

"नाव काय तुझं?" त्याने विचारलं.

"पाऊस थांबला," ती म्हणाली आणि स्कूटर उचलून निघाली. एवढं नाक असलेल्या मुलीने पहिल्याच दिवशी नावही सांगून टाकावं की काय?

त्याने ते शोधून काढलं. दर दहा दिवसांनी डोंगरावरची बस शहरात यायची, आणि बसमधून पाठीवर चहाची पिशवी घेतलेला देकसेंग उतरायचा. शहरात चहाची दुकानं कमी का होती? पण त्याचे पाय च्वाकाकूंच्याच दुकानाकडे वळायचे.

"या चहात काय चुकलंय सांग," तो पुडी पुढे करायचा.

हुइचू पेल्याला नाक लावायची. चहा असा की घोट उतरला तरी घशात गोडवा मागे रेंगाळायचा, जसं पाहुणा गेला तरी अंगणात त्याचं हसू राहतं. पण ते कबूल कशाला करायचं?

"सूप फिरवताना तुझं लक्ष नव्हतं," ती म्हणायची. "चौथ्या वेळी हात घाईत गेलाय. कुठे बघत होतास?"

"बघत नव्हतो. वाट बघत होतो."

"कशाची?"

"बसची," तो म्हणायचा, आणि दोघं खिडकीबाहेर बघायला लागायची. बाहेर बघण्यासारखं काही नसायचं. समोर फक्त गोमांसाचे गोळे विकणारा गाडा.

च्वाकाकू कोपऱ्यात बसून पानं निवडायच्या. काडी वेगळी, चुरा वेगळा. त्यांच्या नजरेतून चुराही सुटत नसे, तिथे ही दोन धडधाकट माणसं कशी सुटतील? नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने दुकान उभं केलं होतं. मुलगी पाच वर्षांची असताना तिला स्टुलावर उभं करून हातात चिमुकली किटली दिली. धार उंचावरून सोडायची, पेल्यात मात्र खाली टेकून ओतायची, एकही थेंब किटलीत मागे ठेवायचा नाही. बोटं भाजली की फुंकर मारायची आणि पुन्हा धरायची. वीस वर्षं घासून घासून घडवलेला हात तो. आता सगळं शहर म्हणे, चहा च्वाकाकूंचा, हात हुइचूचा.

असा हात शिडी लावून डोंगरावरच्या झाडांवर चढवायचा? छे!

"डोंगरात काय आहे?" एक दिवस त्या तोडून म्हणाल्या. "धुकं आणि जळवा. शेजारच्या शानतौ शहरातून आलेलं ते स्थळ बघ. दुकानाला काचेची दारं आहेत."

"काचेची दारं पुसायला मलाच लागतील, आई."

"मग पुस! पण संध्याकाळच्या जेवणाला माझ्याकडे येशील. डोंगरावर गेलीस की…" पुढचं त्या बोलल्या नाहीत. काड्या मात्र जरा जास्तच जोरात बाजूला फेकल्या.

आणि थंडी पडायला लागली तेव्हा तो दिवस आला. देकसेंगची मावशी निरोप धाडून रीतसर मागणी घालायला येणार होती. बरोबर तोही.

च्वाकाकूंनी सकाळीच मुलीला समोर बसवलं. "चहा तू करायचास. खालच्या मळ्यातला उन्हाळी चहा घे, तो पाचव्या पाण्याला फिका पडतो. मी नाही म्हणणार नाही. माणसं चांगली आहेत, तोंडावर नाही म्हणून त्यांचा अपमान कशाला? रंग उतरला की ती आपणच उठतील. आणि ऐक, पानं बदलायची नाहीत."

छाओचौत 'आता निघा' असं पाहुण्याला कुणी म्हणत नाही. म्हणायला लागतच नाही. त्याच पानांवर पुन्हा पुन्हा पाणी ओतून चहा काढत राहायचा. किटलीतली पानं थकली, पाणी फिकं आलं आणि घरच्यांनी नवी पानं घातली नाहीत, की शहाणा माणूस टेबलावर बोटांनी टकटक करून आभार मानतो आणि चप्पल शोधतो. मागच्याच आठवड्यात विमावाल्याला च्वाकाकूंनी असंच वाटेला लावलं होतं. बिचारा आभार मानत मानत गेला!

दुपारी पाहुणे आले. मावशीने संत्र्यांची जोडी टेबलावर ठेवली. देकसेंगने नवा सदरा घातला होता, त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. शेगडीत ऑलिव्हच्या बियांचा कोळसा निळसर पेटला होता. टेबलावर अक्रोडाएवढे तीन पेले होते. हुइचू किटलीशी बसली. तिने एकदाही वर पाहिलं नाही.

पाच पाणी. पाच पाण्यांत काय होतं? मावशीचं 'कसा आहे बाजार' विचारून व्हायचं नाही तोवर सगळं संपून जाईल.

तिने जाड पानं तळाशी आणि तोटीशी लावली, चुरा मधे दडवला. पानं धुवायचं पाणी फेकलं. मग धार अशी सोडली की ती एकाच कडेवर पडावी, पलीकडची पानं जेमतेम भिजावीत. आणि एका श्वासात ओतून घेतली. पुढच्या वेळी मनगट तांदळाच्या दाण्याएवढं पुढे सरकलं. धार दुसऱ्या पानांवर. प्रत्येक वेळी झाकण उघडून ठेवलं, पानं आपल्याच वाफेत शिजू नयेत म्हणून.

पाचवं पाणी आलं, सोन्यासारखं.

"आमची झाडं माझ्या पणजोबांच्या वेळची," मावशी सांगत होती. "घर साधंच आहे, पण पोरगा कष्टाळू आहे हो."

"दिसतंय," च्वाकाकू म्हणाल्या आणि पेल्यात डोकावल्या.

सहावं. सातवं. रंग तसाच. च्वाकाकूंची एक भुवई वर गेली. आठव्या पाण्याला त्यांनी बोलणं थांबवलं. नवव्या पाण्याला त्यांचं लक्ष मावशीकडे नव्हतंच, मुलीच्या मनगटाकडे होतं. असल्या पाल्यातून नऊ पाणी त्यांनी स्वतः कधी काढली नव्हती. राग यायला हवा होता. पण छातीत भलतंच काहीतरी फुगत होतं. रागाने छाती अशी फुगत नाही.

देकसेंग पेला उचलायचा, प्यायचा, ठेवायचा. चहा करणारा माणूस तो. हा चहा कुठल्या मळ्यातला, हे त्याला पहिल्या घोटातच कळलं होतं. का घातलाय, तेही. म्हणून तर त्याचा चेहरा उतरला होता. पण हा मेलेला चहा पुन्हा पुन्हा जिवंत होऊन समोर येत होता. सहाव्या पेल्याला तो गोंधळला. आठव्याला त्याचे कान लाल झाले. दहाव्याला त्याने पेला दोन्ही हातांत धरला, बराच वेळ.

अकरावं पाणी गवताच्या काडीसारखं पिवळं आलं.

बारावं मात्र… पाणीच आलं. हुइचूच्या बोटांना आता किटलीचा चटकाही कळत नव्हता. तिने तिन्ही पेले भरले, शेवटचा थेंबसुद्धा झटकला. पेल्याचा पांढरा तळ स्वच्छ दिसत होता.

बाहेर गाडेवाल्याचा सुरा फळीवर खटखटत होता.

देकसेंगने तो पेला संपवला. बोटांनी टेबलावर हलकेच टकटक केली आणि उभा राहिला. "चहा… फार छान होता, काकू."

मावशीही पदर सावरावा तशी शाल सावरत उठली.

आणि हुइचूने किटली उचलून उपडी केली. थकलेली पानं भदकन ताटलीत पडली.

"काय करतेस?" च्वाकाकू म्हणाल्या.

"पानं बदलते, आई."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही." तिने मागे वळून फळीवरच्या डब्याला हात घातला.

"तो डबा नको," च्वाकाकू कडाडल्या.

हात तिथेच थिजला. देकसेंगने खाली बघितलं.

"तो पाहुण्यांचा आहे," च्वाकाकू पुढे म्हणाल्या. "पडद्यामागचा काढ. घरच्या माणसांचा. आणि तुम्ही उभ्या काय मावशीबाई, बसा! माझ्या मुलीने कचऱ्यातून अकरा पाणी काढली. शहरात दुसरी कोण काढेल? आहे कुणी? नावं सांगा!"

"नाही हो, कोण असणार?" मावशी घाबरून बसली.

"वसंतात चहा करायच्या दिवसांत ती वर येईल. बाकीचं वर्षभर मला ती या टेबलाशी हवी. बस येते जाते, मला ठाऊक आहे, दर दहा दिवसांनी येते." हे शेवटचं त्या देकसेंगकडे बघून म्हणाल्या, आणि त्याचे कान पुन्हा पेटले. "आता चला मावशीबाई, मागच्या अंगणातली माझी पुदिन्याची कुंडी बघायला."

"थंडीत कसला पुदिना…"

"बघायलाच चला म्हणते ना!"

दोघी आत गेल्या. दुकानात शेगडीवरच्या पाण्याचा तेवढा आवाज राहिला. हुइचूने पडद्यामागचा डबा काढून उघडला. देकसेंगने नुसत्या वासाने ओळखलं. चहा त्याच्याच झाडाचा होता, याच वसंतातला. म्हणजे काकूंनी तो विकला नव्हता. पडद्यामागे ठेवून दिला होता!

"बाराव्या पाण्याला मला वाटलं, संपलं," तो हळूच म्हणाला.

"मलाही."

त्याने तिची बोटं पाहिली. तीन टोकं लालबुंद झाली होती. त्याने ती हातात घेतली आणि त्यांवर फुंकर मारली. "तोंडाने एकदा सांगितलं असतंस तर बारा वेळा भाजून घ्यावं लागलं नसतं."

"आईपुढे? तोंडाने?" ती हसली. मग हसणं थांबलं. बोटं तिने सोडवून घेतली नाहीत. "बरं… सांगते. मला तू हवायस. जाऊ नकोस."

देकसेंग इतक्या झटक्यात खाली बसला की स्टूल करकरलं.

पडद्यामागून लगेच आवाज आला, "जुनं आहे ते! जावयाला म्हणावं, जरा बेताने बसा."