मरणाऱ्याला आधी

बोगद्यात सकाळ आणायचं काम सगुण परबांचं. सहाच्या ठोक्याला ते भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढत आणि चारशे रोपांवर पांढराफटक उजेड पडे. चौदा वर्षांत यात एकदाही खंड पडला नव्हता. आज खटका सापडायला त्यांना वेळ लागला, आधी त्यांनी बराच वेळ भिंत चाचपली. डॉ. मंदाकिनी गवाणकरांच्या ते लक्षात आलं नाही. उजेड पडताच त्यांची नजर नेहमीप्रमाणे तिसऱ्या रांगेकडे गेली होती.

"परब, आणखी सात गेली."

"गेली नाहीत अजून, बाई. पिवळी पडली असतील."

"एकच झालं ते," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. हल्ली त्या दिवसाची सुरुवातच बसून करत.

हा बोगदा आंबोलीच्या खाली रस्त्यासाठी खणला होता आणि मग कुणाला तरी रस्ता नको झाला. वर डोंगरात उन्हाळे इतके लांबले, की फांद्यांवरून लोंबणारं 'सीतेची वेणी' हे गुलाबी ऑर्किड जंगलातून नाहीसं झालं. उरलेली रोपं इथे आणली. इथले दिवे शीघ्रपिढी दिवे होते. त्यांच्या खास प्रकाशाखाली ऑर्किडची चार वर्षांची वाढ तीन महिन्यांत होई. मंदाकिनीबाई इथे दोन वर्षांसाठी आल्या होत्या. आता साठी उलटली होती. निघायचं ठरवलं की रोपं आजारी पडत, आणि आजारी रोपं टाकून जाणं त्यांच्याच्यानं होत नसे.

परबांचंही तेच. दिवे सांभाळणं आणि पाणी घालणं ही त्यांची कामं. त्यांना काचबिंदू झाला होता. कोल्हापूरला शस्त्रक्रियेची तारीख तीनदा ठरली आणि तीनदा पुढे गेली. दर वेळी बाई म्हणाल्या, "परब, एवढी एक पिढी निघू दे." दर वेळी परब म्हणाले, "चालेल." कुरकुर करायचा त्या माणसाचा स्वभावच नाही, आणि जो कुरकुर करत नाही त्याचं काम मागे पडतं. जगात सगळीकडे असंच चालतं, बोगदा काही जगाबाहेर नव्हता.

बोगद्याचा खर्च चालवणाऱ्या मंडळाने रोपं तपासायला डॉ. अन्विता धुपकरला पाठवलं होतं. रोपं का मरतात ते शोध, नाहीतर दिवे बंद करू, एवढाच निरोप. आठवडाभर ती निमूटपणे रोपं तपासत होती. आज ती तिसऱ्या रांगेशी उभी राहिली.

"मॅडम, गेल्या वर्षी पिवळी किती पडली?"

"जवळजवळ सगळीच."

"आणि मेली किती?"

मंदाकिनीबाईंना आठवावं लागलं. "तीन असतील. बाकीची आम्ही वाचवली."

अन्विताने खिशातून पातं काढलं आणि सगळ्यात पिवळ्या रोपाचं पान मधोमध चिरलं. मंदाकिनीबाई ताडकन उठल्या. आजारी रोपाला आजवर कुणी पातं लावलं नव्हतं. कशाला लावेल?

"बघा."

पान आतून हिरवंगार होतं. पिवळेपणा होता तो फक्त वरच्या सालीत. मुळं टपोरी, टोकं ताजी.

"कसला रोग आहे हा?"

"रोग नाहीच. सोंग आहे."

"अगं, झाडाला सोंग कुठून कळणार?"

"झाडाला काही कळत नाही, मॅडम. बाहेर काही ऑर्किडची फुलं मादी माशीसारखी दिसतात. नर फसतो आणि पराग घेऊन जातो. ती काही झाडाची हुशारी नव्हे. ज्याचं रूप माशीला पटलं, त्याचीच पिढी पुढे चालली. इथे माशी कुठे आहे? परागाची काडी कुणाच्या हातात असते?"

काडी मंदाकिनीबाईंच्याच हातात असे. दात कोरायची साधी काडी, तिच्या टोकाने त्या पराग एका फुलातून दुसऱ्यात ठेवत. नियमही त्यांचाच, दारावर लिहिलेला: मरणाऱ्याला आधी. वंश बुडू नये म्हणून जे रोप जायला टेकलंय त्याची शेंग आधी धरायची.

"शेंग पिकायला वीस दिवस लागतात," अन्विता म्हणाली. "जे खरंच मरत होतं ते तेवढं टिकलं नाही. जे नुसतं तसं दिसत होतं त्याची शेंग पिकली. पुढच्या वेळी त्याची पोरं, मग त्यांची पोरं. छप्पन्न पिढ्या तुम्ही हेच निवडत आलात."

"आणि जी हिरवी होती?"

"त्यांना काय धाड भरलीय, नंतर बघू, असं म्हणालात ना? ती राहूनच गेली. त्यांचा वंश इथे उरला नाही."

मंदाकिनीबाईंना राग यायला हवा होता. पण रागालाही अंगात काही शिल्लक लागतं. चौदा वर्षं आपण ठणठणीत झाडांची शुश्रूषा केली, एवढंच त्यांना कळत होतं, आणि रडूही येत नव्हतं.

"ऐकलंत, परब?"

"ऐकलं." परब झारी घेऊन उभे होते. "माझ्या हाताला पानं कडकच लागायची, बाई."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला दिसत होतं. मला कुठे धड दिसतंय? म्हटलं, आपलंच चुकत असेल."

मंदाकिनीबाईंनी तेव्हा कुठे त्यांच्याकडे नीट पाहिलं. डोळे काळेभोर, स्वच्छ होते. काचबिंदू वरून दिसत नाही.

"आजच निघा. कोल्हापूरला मी येते बरोबर."

"मागच्या महिन्यात सामानाच्या गाडीने जाऊन दाखवून आलो," परब म्हणाले. "डावा गेला. तो काही परत येत नाही म्हणाले. उजवा लवकर केला तर राहील."

"मागच्या महिन्यात? आणि मला सांगितलं नाहीत?"

"तेव्हा तिसरी रांग पिवळी पडली होती."

"मी रोज विचारत होते हो तुम्हाला, कसे आहात म्हणून."

"विचारत होतात की. मी बरा आहे म्हणायचो."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मंदाकिनीबाईंना बरं वाटलं असतं. अन्विता गाडी काढायला पुढे गेली. बाईंनी परबांच्या हातातली झारी घेऊन खाली ठेवली, त्यांचा दंड धरला आणि दोघं रांगांमधून दाराकडे निघाली. वाटेत एका रोपाच्या पानावर नवा पिवळा डाग होता. सकाळी नव्हता. मंदाकिनीबाईंचा पाय आपोआप थांबला.

परबही थांबले.

"बघून घ्या हवं तर, बाई," ते म्हणाले. "मला काही घाई नाही."

मंदाकिनीबाईंनी त्यांचा दंड आणखी घट्ट धरला आणि त्या चालू लागल्या.