हाताने काढलेली रेषा

कारापूरच्या गौरवीने आपल्या शोधनिबंधातली एक रेषा खोटी काढली होती. लेझरचा झोत पडला की रेणू फुटतो, त्यातून दुसरा एक जन्मतो आणि सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात संपतो. तो जगून गेला हे कळतं त्याने गिळलेल्या निळ्या प्रकाशावरून. दोन वर्षं तिला तो सापडला नव्हता. शेवटी निबंधाची मुदत आली आणि तिने संगणकावर माऊस फिरवून आलेखावर त्याचा उंचवटा काढला. आयुष्य लिहिलं, तीन मायक्रोसेकंद. उतरणीवर माऊस अडखळला तिथे बारीकशी खाच पडली. ती तिने तशीच ठेवली. खरी वाटत होती.

निबंध छापून आला. बाबांनी गावभर पेढे वाटले. गौरवीने आपला पेढा खाल्ला नाही.

सहा महिन्यांनी हरमलची क्षमा प्रयोगशाळेत नवी आली. एका सकाळी ती धावतच गौरवीकडे आली. "ताई, गावलो! तुमचोच तो रेणू. तीन मायक्रोसेकंद!"

पडद्यावर उंचवटा होता. उतरणीवर खाचही होती.

गौरवीने रसायन ओतून दिलं, काचेच्या कुपीत नुसतं शुद्ध पाणी भरलं आणि झोत सोडला. उंचवटा आला. दुसऱ्या दिवशी तो तीन मिलिसेकंद टिकला. तिसऱ्या दिवशी तीन सेकंद. क्षमा हरखून गेली होती. तिच्या तोंडाकडे बघायची गौरवीला लाज वाटली.

चौथ्या दिवशी तो ओसरलाच नाही.

दुपारी ती आपल्या मार्गदर्शकांच्या, कृष्णनाथ सरांच्या खोलीत गेली. "सर, ती रेषा मी हाताने काढलेली. तो रेणू नाहीच."

सरांनी कपाटातून निबंध काढून पहिलं पान उघडलं. "त्यावर माझंही नाव आहे, गौरवी. मी नीट पाहिलं नाही."

निबंध मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी तिच्याकडूनच लिहून घेतलं आणि पाठवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. तिची मान वर होईना.

मग तो न ओसरणारा उंचवटा बघायला दोघं प्रयोगशाळेत आली. सरांनी कुपी खिडकीच्या उन्हात धरली. पाणी स्वच्छ दिसत होतं. खालच्या कोऱ्या कागदावर मात्र सावली पिवळी पडली होती, निळा प्रकाश कुणी गिळला की उरतो तशी.

"आधी लेझर बंद कर."

"सर, तो सकाळपासून बंद आहे."

सरांनी कुपी बेसिनमध्ये उपडी केली, नळ सोडून धुतली.

वळले, तेव्हा कागदावरची पिवळी सावली तिथेच होती.