हौरियाची व्यायामशाळा

“चुलीत घाल तुझा तो व्यायाम!” पाण्याने भरलेली बाटली गच्चीच्या फरशीवर आदळत यामिना कडाडली. “या वयात मला माकडासारखी उठबस करायला लावतेस? मारायचंच असेल तर सरळ विष दे ना!... स्वतःला मूल ना बाळ, म्हणून माझ्या जिवावर उठलीय वांझोटी!”

लग्न होऊन ओरान शहरातल्या या घरात आल्यापासून ‘वांझोटी’ हा शब्द हौरियाने कितीदा ऐकला होता, आणि तरी प्रत्येक वेळी तो नव्याने रुतायचा... तिने बाटली उचलली आणि थोरल्या जावेच्या हातात पुन्हा दिली.

“शिव्या द्या, जाऊबाई. पण देता देता हात वर न्या.”

“निर्लज्ज आहेस!”

“आहे. आता दुसरा हात.”

एके काळी हौरिया बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीतल्या बायकांच्या व्यायामशाळेत शिकवायची. तिथे तिच्या एका हाकेसरशी साऱ्या बायका ताठ उभ्या राहायच्या, हसायच्या, घामाघूम होऊन घरी जायच्या, आणि ती मात्र अशी प्रफुल्लित होऊन परतायची, की जणू तिच्या रित्या ओटीत कुणीतरी ओंजळभर सुख टाकलं होतं! यामिनानेच ते हिसकावून घेतलं. भर जेवणात, सासूसमोर, दोघींच्या नवऱ्यांसमोर तिने ताट दूर सारलं होतं. “आपल्या घरची सून उड्या मारायला शिकवते! उद्या माझ्या मुलाला मुलगी कोण देईल?” हौरियाचा नवरा मिलूद खाली मान घालून ताटातला कुसकुस चिवडत राहिला, आणि हौरियाने घराच्या शांततेसाठी व्यायामशाळेची पायरी कायमची सोडली.

त्यानंतर सासूला साखरेच्या आजाराने ग्रासलं. डोळे गेले, मग पाऊल काळं पडलं... यामिनाला त्या वासाने भोवळ यायची. जखम धुतली ती हौरियानेच, शेवटच्या श्वासापर्यंत.

आणि आता यामिनाची पाळी थांबली होती. एकाएकी अंगाची आग व्हायची, चेहरा लालबुंद व्हायचा, झोप उडालेली, पोट पुढे आलेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं होतं, “पाळी जाताना शरीराची घडीच बदलते. चरबी पोटावर साठते, साखर रक्तात तुंबते. गोळी घ्याच, पण नुसत्या गोळीवर राहू नका. रोज चाला, वजन उचला. मांड्यांना, दंडांना काम मिळालं की तेच ती साखर ओढून घेतात.”

“रस्त्याने चालू? लोक काय म्हणतील?” यामिना घरी येऊन गरजली होती. त्या दिवशी सासू आठवून हौरियाला यामिनाच्या पावलाकडे बघवेना. दुसऱ्याच सकाळी तिने गच्चीवर खुर्ची आणि पाण्याच्या बाटल्या नेऊन ठेवल्या.

“मरू दे ना तिला!” मिलूद चिडला. “तुझं आयुष्य नासवलं तिने!”

“आईंना आंधळं होताना मी पाहिलंय,” हौरिया म्हणाली. “ते पुन्हा नाही पाहायचं मला... मग ती वैरीण का असेना!”

हिवाळा सरला. यामिनाचे शिव्याशाप थांबले नाहीत. पुदिन्याच्या चहातली साखर हौरियाने कमी केली, तेव्हा तर पेलाच भिरकावला गेला. पण एका सकाळी हौरिया कपडे वाळत घालायला वर गेली, तो यामिना एकटीच खुर्चीवरून उठत होती, बसत होती, धापा टाकत होती! हौरियाला बघताच ती खेकसली, “काय टकामका बघतेस? तुझ्यासाठी नाही करत मी!”

वसंतात दोघी दवाखान्यात गेल्या. साखर उतरली होती, कंबरही. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. “नुसत्या गोळ्यांनी एवढं उतरत नाही. हा व्यायाम कोण करवून घेतं?”

यामिनाने हौरियाकडे बोट दाखवलं. “ही,” ती एवढंच म्हणाली.

बाहेर पडताच तिने हौरियाचं मनगट गच्च धरलं. “चल! तुझ्या त्या व्यायामशाळेत. मी सांगते त्यांना, हिला परत घ्या म्हणून. कोण नाही म्हणतो बघतेच!”

“जाऊबाई, नको... ऐका...”

यामिना कधी कुणाचं ऐकायची? तिने हौरियाला ओढत नेलं, आणि गल्लीच्या वळणावर थबकली. जुन्या दारावर सोफ्यांच्या दुकानाची पाटी झळकत होती.

“हे काय? शाळा कुठे गेली?”

“बंद पडली. कधीच.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी?” आणि इतक्या वर्षांचा बांध फुटला! भर रस्त्यात हौरिया ओरडू लागली, “माझं तेवढंच होतं, जाऊबाई! तुम्हाला मुलगा होता, मान होता, घराच्या चाव्या होत्या... मला तेवढंच होतं! तेही तुम्हाला बघवलं नाही! रोज या दारावरून जाते मी, रोज तोंड फिरवून जाते! आता ते परत द्यायला आलात? काय देणार? सोफे?”

येणारेजाणारे थबकले. दुकानदार बाहेर आला. यामिनाचा चेहरा लाल झाला, घाम डवरला. लोकांच्या नजरेला आयुष्यभर भ्यालेली ती बाई त्या साऱ्या नजरांमध्ये खाली मान घालून उभी राहिली. तिने हौरियाचं मनगट मात्र सोडलं नाही.

“खरंय...” ती पुटपुटली. “सगळं खरंय गं.”

हौरियाचा श्वास फुलला होता. सवयीनेच तिने डोळे पुसले. “चला. रात्रीच्या भाकरीचं पीठ मळायचंय अजून.”

“मी मळेन,” यामिना म्हणाली. तिच्या गालांवरून आसवं ओघळत होती आणि ती पुसायचंही तिला भान नव्हतं. “तू ओरड... अजून ओरड. मी ऐकतेय.”